नाशिकच्या रानात कोबी-फ्लॉवर: बियाण्याच्या पुडीपासून जाळी भरेपर्यंत

दरवर्षी डिसेंबरात दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एकाच्या फ्लॉवरने लिंबाएवढा गड्डा धरला आणि तो तिथेच थांबला. दुसऱ्याचा पाला कमरेला लागतोय, पण गड्ड्याचा पत्ता नाही. दोघेही औषध विचारत फिरतात. दोन्ही ठिकाणी फवारणीने काही होणार नसते, कारण गडबड दोन-अडीच महिन्यांपूर्वी झालेली असते: वाण निवडताना, नाहीतर रोप उशिरा लावताना. म्हणून या लेखात खताच्या डोसापेक्षा वाण, तारीख आणि रोपाचे वय यांवरच मी जास्त बोलणार आहे. एवढे जमले की बाकीची कामे आपल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाहीत.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही मुळात एकाच वनस्पतीची चार रूपे. मुळा, मोहरी, सलगम त्याच कुळातले. कोबीत शेंड्याची पाने एकमेकांवर घट्ट बसतात, नवलकोलात खोड फुगते, ब्रोकोलीत न उमललेल्या कळ्यांचा घोस असतो आणि फ्लॉवरमध्ये फुलोऱ्याआधीची वाढ दाटून पांढरा गड्डा होतो. हा फरक ध्यानात ठेवा. कोबी पाने वाढवत नेला की मिळतो. फ्लॉवर-ब्रोकोलीत मात्र झाडाला पानांची वाढ थांबवून फुलोऱ्याकडे वळावे लागते, आणि ते वळण तापमान ठरवते.

वाण आणि तारीख

नाशिक जिल्ह्यात एकच हवामान नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागात पावसाळा धो धो, जमीन तांबडी आणि पाणी वाहून नेणारी. निफाडला हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. सिन्नर, येवला, चांदवड कोरडवाहू, पाणी मोजून वापरायचे. त्यामुळे नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या पाहुण्याने लावलेला वाण त्याच तारखेला येवल्यात लावून चालेलच असे नाही.

फ्लॉवरचे वाण ढोबळमानाने तीन गटांत बसतात. लवकर येणारे वाण सरासरी २० ते २७ अंश सेल्सिअसला गड्डा धरतात. पुसा मेघना, पुसा दीपाली, पुसा कार्तिक संकर हे त्यातले. यांचे रोप मे अखेर ते जूनमध्ये टाकायचे आणि लागवड मृगाचा पाऊस स्थिरावला की जुलैपर्यंत उरकायची. मधल्या हंगामाच्या वाणांना साधारण १६ ते २० अंश लागतात. पुसा शरद, पुसा हिमज्योती, इम्प्रूव्ह्ड जापनीज या गटातले, लागवड ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर. उशिरा येणारे म्हणजे स्नोबॉल गट, उदाहरणार्थ पुसा स्नोबॉल के-१. त्यांना १० ते १६ अंशांची खरी थंडी हवी. आपल्याकडे ती डिसेंबर-जानेवारीतच, आणि तीही निफाडसारख्या गार पट्ट्यात जास्त खात्रीची. म्हणून स्नोबॉलची लागवड ऑक्टोबरमध्येच संपवा. नोव्हेंबर अखेर लावलेला स्नोबॉल फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो आणि गड्डा सैल, पिवळसर होतो.

आता सुरुवातीच्या दोन तक्रारी पाहा. लवकरचा वाण थंडीत लावला की झाड लहान असतानाच त्याला गड्डा धरायची वेळ झाली असे वाटते आणि बटणाएवढा गड्डा येतो. उशिराचा वाण गरमीत लावला की त्याला थंडीची खूण मिळत नाही, मग झाड नुसता पाला काढत बसते. बाजारात आज बहुतेक खासगी कंपन्यांचे संकरित वाणच मिळतात. नावे दरवर्षी बदलतात, तत्त्व बदलत नाही. दुकानात “चांगला माल कोणता?” असे विचारू नका. “हा वाण कोणत्या महिन्यात लावायचा, गड्डा कोणत्या तापमानात धरतो आणि लागवडीपासून किती दिवसांत काढणीला येतो?” असे विचारा. उत्तर गोलमाल आले तर पुडी परत ठेवा. पुडी घेतली तर पक्के बिल घ्या आणि लॉट नंबर असलेली रिकामी पुडी काढणी होईपर्यंत जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर या दोन कागदांशिवाय कोणी दाद देत नाही.

कोबी त्या मानाने समजूतदार पीक. १५ ते २० अंशांत तो उत्तम भरतो, पण नवे संकरित वाण आपल्याकडे जवळपास वर्षभर घेतले जातात. गोल्डन एकर हा जुना, गोल, एक ते दीड किलोचा, लागवडीनंतर दोन महिन्यांच्या आसपास तयार होणारा वाण. पुसा ड्रमहेड चपटा, मोठा आणि उशिरा येणारा. ब्रोकोलीत पुसा केटीएस-१ हिरव्या गड्ड्यासाठी चालतो, लागवड सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. ब्रोकोलीबाबत माझे ठाम मत आहे: आधी घेणारा ठरवा, मग रोप टाका. कोबी बाजार समितीत नेला तर कमी का होईना, पण बोली लागते. ब्रोकोलीला गिऱ्हाईक ठरलेले नसेल तर ती दोन दिवसांत पिवळी पडते. नवलकोल सगळ्यांत सोपा: व्हाईट व्हिएन्ना लावा, दीड महिन्यात हातात.

रान कसे निवडाल

मध्यम काळी, निचऱ्याची जमीन, सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या आसपास. भारी काळ्या रानात पावसाळी कोबी लावायचा असेल तर गादीवाफा उंच ठेवा. पाणी एक दिवस साचले तरी मुळे गुदमरतात आणि झाड दुपारी मान टाकते.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खरिपात सोयाबीन किंवा मका घेऊन त्याच रानात रब्बीला फ्लॉवर लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पद्धत वाईट नाही, पण खरिपात कोणते तणनाशक मारले होते ते आठवा. मक्यातल्या ॲट्राझिनचा आणि सोयाबीनमधल्या इमॅझेथापायरचा अंश जमिनीत बराच काळ राहतो आणि कोबीवर्गीय पिके त्याला फार नाजूक असतात. रोपे लावल्यावर पंधरा दिवस जागची हलत नाहीत, पाने पिवळी-जांभळी होतात आणि शेतकरी खतावर खते टाकत राहतो. शंका असेल तर त्या रानातली माती दोन कुंड्यांत भरा, स्वच्छ बांधावरची माती तिसऱ्या कुंडीत भरा आणि तिन्हींत मुळ्याचे बी टाका. मुळा चार-पाच दिवसांत उगवतो. दोन-तीन आठवडे त्याची वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहिली की रान काय म्हणते ते समजते.

मागच्या दोन वर्षांत ज्या तुकड्यात कोबी, फ्लॉवर, मुळा किंवा मोहरी झाली असेल तो तुकडा सोडा. कांदा, भुईमूग, वाटाणा किंवा वेलवर्गीय पीक झालेले रान चांगले.

रोप: इथे घाई नको आणि उशीर तर अजिबात नको

संकरित बियाणे एकरी साधारण ८० ते १०० ग्रॅम पुरते. आज बहुतेक जण ९८ किंवा १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) रोप करतात किंवा रोपवाटिकेतून घेतात. गादीवाफ्यावर करायचे असेल तर तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच वाफा करा, चांगले कुजलेले शेणखत मिसळा, चार बोटांच्या अंतराने ओळी पाडून बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल न टाकता पेरा. बियाण्याला आधीच औषध चोळलेले नसेल तर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा लावा. घरचे किंवा सुटे बी असेल तर घाण्या रोग बियाण्यातूनच येऊ नये म्हणून ते ५० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून सावलीत सुकवतात. यासाठी थर्मामीटर हवाच. ५० ऐवजी ५५ झाले तर उगवण जाते, ४५ ला रोग मरत नाही. कंपनीने प्रक्रिया केलेल्या रंगीत बियाण्यावर हा प्रयोग करू नका.

कोवळी रोपे जमिनीलगत गळून आडवी पडायला लागली तर समजा पाणी जास्त झाले. संध्याकाळी पाणी देणे बंद करा, सकाळी द्या, हवा खेळू द्या. औषधाची आळवणी, म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओतणे, त्यानंतर. पांढरी माशी आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग रोपवाटिकेतच शिरतो, म्हणून ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी लावणे परवडते.

ट्रेमधले रोप २२ ते २५ दिवसांचे, गादीवाफ्यावरचे साधारण २५ ते ३० दिवसांचे, चार-पाच पानांचे झाले की लावायला घ्या. रान तयार नाही, मजूर नाहीत, पाऊस उघडत नाही, म्हणून ४० दिवसांचे झालेले फ्लॉवरचे रोप लावणे म्हणजे बटणे लावणे. ट्रेच्या कप्प्यात मुळे गोल गोल फिरून आवळली गेली की त्या झाडाची उमेद तिथेच संपते. कोबी असे वय थोडेफार सहन करतो, फ्लॉवर करत नाही. रोपवाटिकेतून घेताना पेरणीची तारीख विचारा आणि चार-पाच ट्रेंमधली रोपे उपटून बघा. मुळे पांढरी हवीत, कोकोपीटचा गड्डा न फुटता बाहेर यायला हवा, खोड काडीसारखे टणक हवे. उंच, लुसलुशीत, गडद हिरवे रोप दिसायला देखणे असते, पण ते युरियावर वाढलेले असते आणि रानात पहिल्या उन्हाला लोळते.

शेंडाही पाहा. मधोमध दोन कोवळ्या पानांची चिमट दिसायला हवी. काही रोपांत तिथे काहीच नसते, नुसती जाड, निळसर, गुळगुळीत पाने असतात. अशा आंधळ्या रोपाला कधीच गड्डा येत नाही, पाने मात्र काढणीपर्यंत जोमात वाढतात. ट्रे रिकामा करतानाच ती बाजूला काढायला लागवडीच्या बायकांना आधी एक नमुना हातात देऊन दाखवा. एकदा पाहिले की त्यांची नजर आपल्यापेक्षा तिखट चालते.

लावणीआधी चार-पाच दिवस पाणी थोडे कमी करा आणि जाळीची सावली काढा, म्हणजे रोप काटक होते.

लागवड आणि अंतर

अंतरावर गड्ड्याचा आकार ठरतो. ४५ बाय ४५ सेंटिमीटरवर एकरी सुमारे २०,००० रोपे बसतात, ६० बाय ४५ वर सुमारे १५,०००. घरगुती गिऱ्हाइकाला किलोभराचा कोबी हवा असतो. हॉटेल आणि चायनीजच्या गाड्यांना मोठा चालतो. तुमचा माल कुठे जातो त्यावरून अंतर धरा. ठिबकवर चार-साडेचार फुटी बेड पाडून त्यावर दोन ओळी नागमोडी लावल्या की हवा खेळते आणि फवारणीला माणूस मोकळा चालतो. पावसाळी फ्लॉवरला दाट लागवड करू नका, पाला वाळत नाही आणि रोग ओळीने पुढे जातो.

लागवड दुपारी चारनंतर, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना. रोप कोकोपीटच्या गड्ड्याएवढेच खोल बसवा, शेंडा मातीत गाडू नका. लगेच हलके पाणी. आठ दिवसांच्या आत नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा. त्यानंतर भरलेले रोप मागेच राहते आणि काढणी लांबवते.

सगळे रान एका दिवशी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. एकराचे तीन तुकडे करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने लावा. भाव कधी चढेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि फ्लॉवर तयार झाल्यावर रानात थांबत नाही. भाव पडला म्हणून उभ्या कोबीवर रोटर फिरवलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. टप्प्यांत लावणी केली की एक तुकडा पडत्या भावात गेला तरी दुसरा हाताशी राहतो, आणि मजुरांचीही एकदम ओढाताण होत नाही.

खत आणि पाणी

एकरी आठ-दहा टन कुजलेले शेणखत पूर्वमशागतीत. रासायनिक खताची मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. सर्वसाधारण शिफारस कोबीला हेक्टरी १६० किलो नत्र, ८० किलो स्फुरद, ८० किलो पालाश आणि फ्लॉवरला १५०, ७५, ७५. गोणीच्या हिशोबात एकराला हे असे येते: सिंगल सुपर फॉस्फेटच्या चार गोण्या, म्युरेट ऑफ पोटॅशची एक गोणी आणि ४५ किलोच्या युरियाच्या तीन गोण्या. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळे लावणीच्या वेळी, युरिया अर्धा लावणीच्या वेळी आणि उरलेला तिसाव्या दिवसाच्या आसपास, खुरपणी करून झाडाला भर देताना. ठिबक असेल तर युरिया आठवड्याच्या हप्त्यांनी सोडा.

डीएपी सोडून सुपर फॉस्फेट का? कारण त्यात सुमारे ११ टक्के गंधक असते आणि कोबीवर्गीय पिकांना गंधक इतर भाज्यांपेक्षा जास्त लागते. शिजताना कोबीला जो उग्र वास येतो तो गंधकाचाच.

गड्डा धरल्यावर युरिया मारायचा मोह टाळा. कोबी पोचट होतो आणि फुटतो, फ्लॉवरच्या गड्ड्यातून हिरवी पाने डोकावतात आणि बाजारात न्यायच्या जाळीत माल कुजतो.

सूक्ष्म द्रव्यांत फ्लॉवरला बोरॉन आणि मॉलिब्डेनम ही दोन जपावी लागतात. निफाड-सिन्नरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत बोरॉन झाडाला मिळत नाही. इगतपुरी-पेठच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत मॉलिब्डेनम मिळत नाही, मग पानांचा पसारा जाऊन नुसती मधली शीर चाबकासारखी वाढते. बोरॉनसाठी एकरी चार किलो बोरॅक्स लावणीआधी जमिनीत मिसळा. त्याहून जास्त टाकू नका, बोरॉन जास्त झाला तर तोच पाने जाळतो. तांबड्या जमिनीत चुना देऊन सामू वर आणणे आणि अमोनियम मॉलिब्डेट एकरी ४०० ते ५०० ग्रॅम देणे हा उपाय.

काढणीच्या वेळी खोड पोकळ निघाले तर कापलेला भाग उन्हात धरून नीट बघा. पोकळी कोरडी, पांढरी, स्वच्छ असेल तर नत्र आणि पाणी जास्त होऊन झाड घाईने वाढले. पोकळीच्या कडा तपकिरी, ओलसर असतील आणि गड्ड्यावरही तांबूस डाग असतील तर बोरॉन कमी पडला. दोन्हींना एकच औषध मारणारे खूप आहेत.

पाणी एकसारखे हवे, भरपूर हवे असे नाही. रब्बीत सरीने देत असाल तर काळ्या रानात आठ-दहा दिवसांनी, मध्यम रानात त्याआधी. ठिबक असेल तर रोज थोडे. रान ताणून मग एकदम भरपूर पाणी दिले की तयार कोबी फुटतो. तयार कोबी दोन-चार दिवस रानात थांबवायचा असेल तर पाणी तोडा आणि झाड हाताने धरून अर्धा वळसा द्या. काही मुळे तुटतात, वाढ मंदावते आणि गड्डा फुटत नाही.

फ्लॉवर पांढरा कसा ठेवायचा

ऊन लागले की फ्लॉवर पिवळा पडतो आणि जाळीमागे भाव खाली येतो. गड्डा अंड्याएवढा झाला की बाहेरची दोन-तीन पाने त्याच्यावर वाकवून शीर अर्धवट मोडा, किंवा पाने वर घेऊन रबर, सुतळी बांधा. उन्हाच्या दिवसांत तीन-चार दिवसांत काढणीला येतो, कडक थंडीत आठवडाभर लागतो. रोज वेगळ्या रंगाचे रबर लावले की कोणता गड्डा कधी झाकला हे उघडून न पाहता कळते. पाऊस किंवा धुई असताना झाकलेल्या गड्ड्यात पाणी राहू देऊ नका. पाने आपोआप आत मिटणारे वाण आता मिळतात, त्यांना हा खटाटोप लागत नाही.

गड्डा मखमलीसारखा लवदार, दाणेदार झाला तर उष्णता वाढली किंवा काढणीला उशीर झाला. तो माल त्याच दिवशी काढा, उद्या त्याला कोणी विचारणार नाही.

कीड: पान उलटून बघा

या पिकाची खरी वैरीण म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. पतंग करंगळीच्या नखाएवढा, पंख मिटले की पाठीवर पांढऱ्या चौकटींची माळ दिसते. सकाळी दव ओसरल्यावर रानात जा, मधल्या झाडाचे पान उलटा. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी दिसेल. तिला काडीने डिवचा: ती वळवळत मागे सरते आणि रेशमी धाग्याला लोंबकळते. कोबीवरच्या दुसऱ्या अळ्या सहसा असे करत नाहीत. लहान अळी पानाचा खालचा भाग खाऊन वरचा पापुद्रा ठेवते, त्यामुळे पानावर काचेसारख्या खिडक्या दिसतात. खिडक्या दिसल्या तेव्हा फवारा. भोके दिसेपर्यंत थांबलात तर अळी गड्ड्यात शिरलेली असते. पाऊस अळ्यांना धुऊन काढतो, म्हणून हिचा जोर जानेवारीपासून कोरड्या, तापत्या दिवसांत जास्त.

मोहरीचे सापळा पीक हा या किडीवरचा स्वस्त आणि सिद्ध उपाय आहे. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तो मांडला. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर २५ दिवसांनी, म्हणजे पहिली मोहरी वाळायला लागली की दुसरी हिरवी असते. पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो, मावाही तिकडे ओढला जातो. मग फवारणी प्रामुख्याने त्या दोन ओळींवर. शेतकरी मोहरीची जागा वाया जाते म्हणतात, पण दोन फवारण्या वाचल्या तरी ती जागा वसूल होते.

कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी पाच लावा, पतंग कधी वाढले हे त्यातून समजते. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी बियांची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, एकूण १०० लिटर करा आणि त्याच दिवशी फवारा. अळ्या लहान असताना बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळ्या मारणारा जिवाणू) संध्याकाळी फवारा, ऊन त्याला मारते. रासायनिक औषध घ्यावे लागले तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच घ्या आणि एकाच गटाचे औषध लागोपाठ दोनदा मारू नका. दुकानातली दोन वेगळी नावे एकाच गटातली असू शकतात. ही अळी औषधांना फार लवकर सरावते.

कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसते पाणी मोत्यांसारखे ओघळून जाते. म्हणून प्रत्येक फवारणीत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य) घाला आणि नोझल खालून वर धरा. फवारणी ते काढणी यांतले दिवस लेबलवर लिहिलेले असतात ते पाळा. फ्लॉवर सोलून खात नाहीत, वरचा भागच ताटात जातो, आणि तो आपल्याही घरात शिजतो.

रोग

पानाच्या कडेपासून आत शिरणारा, टोक शिरेकडे असलेला पिवळा त्रिकोण आणि काळ्या पडलेल्या शिरा: हा घाण्या रोग. खोड आडवे कापले तर आत काळी कडी दिसते. हा जिवाणूजन्य आहे, एकदा झाडात भिनला की बरा होत नाही. तुषार सिंचन बंद करा, पाने ओली असताना रानात माणसे फिरवू नका, रोगट झाडे उपटून रानाबाहेर नेऊन गाडा. कॉपर ऑक्सिक्लोराईडची फवारणी फक्त निरोगी झाडांना वाचवण्यासाठी. करपा आणि केवडा ढगाळ, धुईच्या दिवसांत येतात. खालची पिवळी पाने काढून हवा मोकळी केली आणि लेबलप्रमाणे बुरशीनाशक वेळेत दिले तर आवरतात.

काढणी आणि बाजार

कोबीचा दिवस मोजू नका, अंगठा दाबा. गड्डा दगडासारखा घट्ट लागला आणि वरचे पान किंचित चकाकून बाहेर वळायला लागले की तयार. लवकरचे वाण लावणीनंतर ६० ते ७५ दिवसांत येतात, उशिराचे ९० दिवस आणि त्यापुढे. फ्लॉवर घट्ट, कडेला न फाटलेला असतानाच कापा. ब्रोकोली कळ्या गडद हिरव्या आणि मिटलेल्या असताना १२ ते १५ सेंटिमीटर देठासह, कारण एकाही कळीचा पिवळा रंग दिसला की उशीर झाला. मधला गड्डा काढल्यावर झाड ठेवा, बगलेतून छोटे गड्डे येत राहतात. नवलकोल पाच ते सात सेंटिमीटर व्यासाचा असताना, पुढे तो जून होतो.

विळा धारदार हवा आणि रोगट तुकड्यातून चांगल्या तुकड्यात जाताना तो पुसायला हवा. दव वाळल्यावर काढा, माल उन्हात ठेवू नका, धुऊ नका. कोबीला बाहेरची तीन-चार पाने राहू द्या, वाटेतला मार तीच खातात. फ्लॉवरची पाने गड्ड्याच्या दोन बोटे वर सरळ छाटा, म्हणजे जाळीत गड्डा गड्ड्याला घासत नाही. रानातच तीन प्रती करा. वर मोठे आणि खाली बारके भरलेली जाळी आडत्याने एकदा उलटून पाहिली की पुढच्या वेळी तुमच्या चांगल्या मालालाही बोली कमी लागते.

नाशिकचा माल रात्रीतून कसारा घाट उतरून मुंबईला जातो, म्हणून उष्ण दिवसांत सकाळी काढून दुपारपर्यंत सावलीत ठेवलेल्या मालालाच प्रवास झेपतो. ब्रोकोलीला बर्फाची सोय असल्याशिवाय लांब पाठवू नका. पट्टीतून, म्हणजे आडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशोबातून, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाते. हा खर्च जाळीमागे किती पडतो ते वहीत लिहिलेले असेल तर पडत्या भावात आणखी एक तोडा करायचा की नाही, हे पाच मिनिटांत ठरते.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: बारा इंची कुंडीत एकच रोप, पाच-सहा तासांचे ऊन, ऑक्टोबरची लावणी आणि रोज सकाळी पान उलटून अळी हाताने वेचणे. फ्लॉवरऐवजी नवलकोल आणि कोबीपासून सुरुवात करा.

शेवटचा तोडा झाला की बुडखे तसेच उभे ठेवण्याची आपल्याला सवय आहे, कारण शेळ्या-गुरांना पाला होतो. पाला जरूर चारा, पण आठ-दहा दिवसांत बुडखे उपटा. त्यांच्यावरच अळीची पुढची पिढी वाढते आणि शेजारच्या कोवळ्या लागवडीवर जाते. घाण्या रोग आलेला असेल तर ते अवशेष रानात कालवू नका, कडेला खड्ड्यात गाडा. ऑक्टोबरच्या आधी रिकाम्या झालेल्या रानात रब्बी कांदा किंवा हरभरा घ्या, उशिरा रिकाम्या झालेल्या रानात उन्हाळी भुईमूग किंवा काकडी, आणि दोन वर्षे त्या तुकड्यात कोबीवर्गाचे काहीही लावू नका.